दूरस्थ संगणकाची बिनतारी जोडणी : पूर्वकर्माचा विचार

चिकित्सालय शहरात आणि औषधनिर्माणशाळा गावाबाहेर, अशी विभागणी आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांच्या बाबतीत आहे. भट्टीचा धूर, क्वाथाची वाफ, पल्व्हरायझरचा आवाज आणि चूर्णाची धूळ यांना भरवस्तीत जागा मिळत नाही, म्हणून हे अंतर अटळच म्हणावयाचे. निर्माणशाळेच्या कार्यालयात एक संगणक असतो. त्यात कच्च्या द्रव्यांचा साठा, बॅचनिहाय उत्पादननोंदी, विक्रीची बिले आणि शेड्यूल टीच्या तपासणीत दाखवावयाची कागदपत्रे साठविलेली असतात. चिकित्सालयात बसून तो संगणक चालविणे ही सोय आता नवलाची राहिलेली नाही. आपल्या पडद्यावर त्याचा पडदा उघडतो, आणि वीस-बावीस किलोमीटरवरील यंत्र जणू आपल्या बोटांखाली येते.

अडचण उद्भवते ती अशा संगणकाची तार काढून त्यास वायफायवर आणावयाची वेळ येते तेव्हा. समोर ठेवलेला संगणक वायफायला जोडणे हे शाळकरी मुलाचे काम आहे. दूरच्या संगणकाचे मात्र तसे नाही. कारण ज्या मार्गाने आपण त्याला आज्ञा देत असतो, तोच मार्ग आपणास बदलावयाचा असतो. बसलेली फांदी तोडण्याचाच हा प्रकार होय. तो टाळता कसा येतो, हे आम्ही प्रथम चुकून आणि मग शिकून जाणले. प्रस्तुत लेख त्या अनुभवावर आधारित असून तो विंडोज प्रणाली आणि तिचे रिमोट डेस्कटॉप यांना उद्देशून लिहिला आहे, कारण आपल्या बहुतेक निर्माणशाळांत तीच वापरात आढळते.

आमच्या निर्माणशाळेत राउटरपासून कार्यालयापर्यंतची केबल द्रव्यागाराच्या छताखालून गेलेली होती. द्रव्यागार म्हटले की उंदीर आलेच. केबल त्यांनी दोनदा कुरतडली. दुसऱ्या वेळी तिला जोड दिला, परंतु जोड पावसाळ्यापर्यंतच टिकेल हे दिसत होते. म्हणून वायफायचे एक लहानसे यूएसबी कार्ड मागविले, तेथील सहकाऱ्याकडून ते संगणकास लावून घेतले, आणि आषाढातल्या एका संध्याकाळी रुग्ण आटोपल्यावर आम्ही चिकित्सालयातून पुढील काम हाती घेतले. पडद्यावर वायफायचे नाव दिसले. पासवर्ड दिला. जोडणी झाल्याचे चिन्हही उमटले. आता खरोखरच तारेवाचून चालते काय, हे पाहण्यासाठी आम्ही तारेचे कार्ड 'डिसेबल' केले. त्या क्षणी पडदा गोठला आणि मग काळा झाला.

अर्धा तास आम्ही जुन्याच पत्त्यावर पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहिलो. निर्माणशाळा बंद झालेली होती. पहारेकऱ्याला फोनवरून काही समजावून सांगावे तर त्याच्याजवळ कार्यालयाची किल्ली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी माल नेण्यास आलेला टेंपो बिलांसाठी अडकून पडला. सहकाऱ्यास संगणक उघडता येत होता, पण त्याचे विंडोजचे खाते निराळे, आणि बिलांची प्रणाली आमच्या खात्यात. अखेर ओपीडी बंद ठेवून भर पावसात आम्हासच जावे लागले. त्या सकाळी दोन रुग्ण दुरून येऊन परत गेले. त्यांपैकी एकाचा बस्तिक्रम चालू होता आणि त्या दिवसाचा बस्ती चुकला. वायफायच्या एका कार्डापायी हे घडावे, ही गोष्ट आम्हास आजही बोचते.

निर्माणशाळेत पोहोचून पाहतो तो संगणकावर इंटरनेट सुरळीत चालू होते! वायफायची रेघ पूर्ण भरलेली होती. जोडणी आदल्या संध्याकाळीच यशस्वी झालेली होती. रुग्ण ठणठणीत होता. आम्ही मात्र त्याच्या जुन्या घराचे दार ठोठावीत राहिलो होतो.

हेतू कोणता होता

असे का घडले, याचे उत्तर पत्त्याच्या व्यवस्थेत आहे. जाळ्यातील प्रत्येक उपकरणास राउटर एक अंतर्गत पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. हा पत्ता संगणकास दिलेला आहे असे आपण समजतो. वास्तविक तो त्या संगणकातील जोडणीच्या कार्डास दिलेला असतो. प्रत्येक कार्डाचा एक स्वतंत्र हार्डवेअर क्रमांक असतो आणि त्यावरून राउटर त्यास ओळखतो. एकाच संगणकातील तारेचे कार्ड आणि वायफायचे कार्ड ही राउटरच्या दृष्टीने दोन निरनिराळी उपकरणे होत. आमच्या संगणकाचे तारेचे कार्ड २० या क्रमांकावर होते. वायफायच्या कार्डास राउटरने ३७ हा क्रमांक दिला. इतकेच घडले होते. राउटरच्या नियंत्रणपानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. आमची व्हीपीएनची वाट राउटरपर्यंत नेहमीप्रमाणे उघडी होती, म्हणजे चिकित्सालयातूनच ती यादी पाहून आम्हास ३७ हा क्रमांक मिळाला असता. त्या रात्री ते सुचले नाही.

दूरचा संगणक हरवल्यासारखा वाटतो तेव्हा तो खरोखर जाळ्याबाहेर गेला आहे, की जाळ्यात असून केवळ पत्ता बदलला आहे, की पत्ता तोच असून दार बंद आहे, हा भेद प्रथम करावयास हवा. तिन्हींचे लक्षण एकच, काळा पडदा. परंतु हेतू भिन्न, म्हणून उपायही भिन्न. पहिल्यात प्रत्यक्ष जावे लागते, दुसऱ्यात यादी पाहावी लागते, तिसऱ्याचे मूळ बहुधा फायरवॉलमध्ये असते.

या तिसऱ्या प्रकाराविषयी थोडे अधिक. विंडोज प्रत्येक नव्या जाळ्याचे वर्गीकरण करते : 'प्रायव्हेट' म्हणजे घरचे, 'पब्लिक' म्हणजे बाहेरचे. नव्याने जोडलेल्या वायफायला विंडोज ११ आपणहून 'पब्लिक' मानते, आणि अशा जाळ्यात फाइल व प्रिंटर यांची देवघेव अडवून धरते. फायरवॉलच्या मांडणीनुसार रिमोट डेस्कटॉपचीही वाट बंद होऊ शकते. तारेवर वर्षानुवर्षे चालत आलेला छपाईचा मार्ग वायफायवर येताच बंद पडतो, तो याच कारणाने. जाळे तेच, राउटर तोच. तथापि विंडोजला ते नवे वाटते.

देशाचा विचार

निर्माणशाळेची वास्तू हीसुद्धा जोडणीतील एक घटक आहे, आणि आपली वास्तू सामान्य कार्यालयासारखी नसते. वायफायच्या लहरी दोन पट्ट्यांत चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली दूरवर पोहोचते व भिंती अधिक चांगल्या भेदते, दुसरी वेगवान परंतु लवकर मंदावते. धातू या लहरी परतवितो. पत्र्याचे छप्पर, स्टेनलेस स्टीलच्या मोठ्या टाक्या, कढया, ओळीने रचलेले तेला-तुपाचे डबे यांच्यामागे लहरींची छाया पडते. पाणी त्यांना शोषून घेते. आसवारिष्टांनी भरलेल्या पिंपांची रांग राउटर आणि संगणक यांच्यामध्ये असेल तर ती भिंतीपेक्षाही वाईट. मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, म्हणून कार्यालयाशेजारी ती असल्यास दुपारी डबे गरम होताना जोडणी अडखळते. आमच्या येथे ही तक्रार रोज एक वाजता येत असे, आणि एका सहकाऱ्याने ती गमतीने 'मध्याह्नज' म्हणून नोंदविली होती.

म्हणून तार काढण्यापूर्वी त्याच जागी, यंत्रे चालू असताना, वायफायची तीव्रता मोजावी. मोबाइलवरील साध्या प्रोग्रॅमने ती उणे अंकांत कळते. उणे ६७ किंवा त्याहून शून्याजवळ असेल तर निश्चिंत असावे. उणे ८० च्या पलीकडे असेल तर त्या जागी वायफायचा नाद सोडून देऊन केबलच पोलादी नळीतून न्यावी. उंदरांवरचा खरा उपाय तोच होय. अनेकदा राउटर भट्टीच्या भिंतीवरून हलवून उंच जागी लावल्याने काम भागते. यूएसबी कार्ड संगणकाच्या मागच्या बाजूस, निळ्या यूएसबी ३ खोबणीत लावण्याचे टाळावे; त्या खोबणीतून उठणारा विद्युत्-कोलाहल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीस बाधक ठरतो, हे २०१२ साली इंटेल कंपनीनेच दाखवून दिले आहे. हातभर लांबीची यूएसबी वायर लावून कार्ड दूर व उंच ठेवले की फरक लगेच जाणवतो. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या परस्परांवर न चढणाऱ्या असल्याने शेजारच्या गाळ्यातील राउटर कोणत्या वाहिनीवर आहे ते पाहून आपली निवडावी.

पूर्वकर्म

स्नेहन-स्वेदनावाचून वमन देण्याचे धाडस आपण करीत नाही. येथेही तेच. खरी जोडणी दोन मिनिटांची. तिच्या आधीची तयारी मात्र तासाभराची आहे, आणि त्या तासास पर्याय नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात अंगवळणी पडलेले अहित सोडून हिताचा अंगीकार करण्याचा पादांश क्रम सांगितलेला आहे : जुने एकदम टाकावयाचे नाही, नवे एकदम घ्यावयाचे नाही. तार आणि वायफाय यांच्या बाबतीत हा क्रम शब्दशः लागू पडतो. नवा मार्ग सिद्ध होईपर्यंत जुना मार्ग मोडू नये.

प्रथम संगणकावरील विंडोजची आवृत्ती पाहावी. 'होम' आवृत्तीस रिमोट डेस्कटॉपने बाहेरून चालविता येत नाही. त्यासाठी 'प्रो' लागते. दुकानातून आणलेले अनेक संगणक 'होम' आवृत्तीचे असतात आणि ही गोष्ट ऐन वेळी ध्यानात येते. त्याचप्रमाणे विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला आहे. त्यावर चालणारा संगणक दूरनियंत्रणासाठी उघडा ठेवणे अधिकाधिक धोक्याचे होत जाईल, हेही लक्षात घ्यावे.

यानंतर तार जागेवर ठेवूनच वायफाय जोडावे. तार लागलेली असताना विंडोज बहुधा आपणहून वायफाय जोडीत नाही, हाताने जोडल्यास मात्र जोडते. त्यामुळे 'जोडणी होत नाही' असा निष्कर्ष घाईने काढू नये. जोडताना 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' ही चौकट निवडणे विसरल्यास पुढील वीजखंडानंतर संगणक मुकाट्याने जाळ्याबाहेर बसून राहील. जाळ्याचा वर्ग 'प्रायव्हेट' करावा. वायफायच्या मांडणीत 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' अशी एक सोय असते. प्रवासात ती उपयोगी आहे, पण येथे ती बंद असावी, नाहीतर कार्ड आपला क्रमांक बदलीत राहील आणि राउटर त्यास ओळखणार नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डापुढे 'वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा' अशा अर्थाची चौकट असते, ती काढून टाकावी. संगणकाची निद्राही पूर्णपणे बंद करावी. तारेवरील संगणकास दुरून जागे करण्याची युक्ती बहुतांशी साधते, वायफायवरच्या संगणकास ती भरवशाने साधत नाही.

मग राउटरमध्ये जावे. वायफाय कार्डाच्या हार्डवेअर क्रमांकाशी एक पत्ता कायमचा बांधून द्यावा. जुन्याहून भिन्न, उदाहरणार्थ २१. दोन्ही कार्डांना २० हाच पत्ता देण्याचा मोह होतो, कारण मग कोठेच काही बदलावे लागत नाही. परंतु दोन्ही मार्ग चालू असताना एकच पत्ता दोघांना असणे म्हणजे संघर्षास आमंत्रण. तो मोह टाळावा. बांधून दिलेला पत्ता कार्ड घेते ते पुढच्या जोडणीच्या वेळी, म्हणून वायफाय एकदा तोडून पुन्हा जोडावे. तार जागेवर आहे तोवर हे निर्धास्तपणे करता येते.

आता दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या आहेत. विंडोज स्वतःचा व्यवहार तारेवरूनच चालविते, कारण ती तिला वेगवान वाटते. म्हणजे आपण पाहतो तो पडदा अजूनही तारेवरून येत असतो. म्हणून चिकित्सालयातून दुसरी खिडकी उघडून २१ या पत्त्यावर जोडणी करावी. त्याच खात्याने प्रवेश करताच पहिली खिडकी आपोआप मिटते; हे बिघाडाचे लक्षण नव्हे, तेच सत्र नव्या वाटेने आपल्याकडे आले इतकेच. येथे दहा मिनिटे खरे काम करून पाहावे : एखादे बिल उघडावे, एखादी फाइल पाठवावी, एक पान छापून घ्यावे. हे सर्व सुरळीत झाले म्हणजेच पूर्वकर्म पूर्ण झाले.

तार काढताना

ही पायरी दिवसाउजेडी, निर्माणशाळेत माणूस हजर असताना करावी. तारेचे कार्ड पडद्यावरून 'डिसेबल' करण्याऐवजी त्या माणसाकडून फोनवर तार उपटून घ्यावी. दोहोंत मोठा फरक आहे. उपटलेली तार परत खोचता येते. 'डिसेबल' केलेले कार्ड संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी बंदच राहते, आणि ते चालू करण्यास संगणकाची माहिती असलेला व अधिकार असलेला मनुष्य लागतो. आमच्या त्या संध्याकाळची दुसरी चूक ही होती.

तार उपटल्यावर संगणक पुन्हा चालू करावा आणि कोणीही प्रवेश न करता तसाच ठेवावा. कोणी खाते उघडण्याआधीच त्याने वायफाय धरले पाहिजे. घरगुती पद्धतीच्या, एकच पासवर्ड असलेल्या वायफायवर हे साधारणपणे होते. मोठ्या संस्थांत व रुग्णालयांत प्रत्येक व्यक्तीच्या नावाने वायफायचा प्रवेश असतो; तेथे संगणकाच्या नावाने ओळख पटविण्याची व्यवस्था संगणक विभागाकडून करून घ्यावी लागते, अन्यथा प्रवेश करतानाच जोडणी तुटते.

निर्माणशाळेत कोणीही नसताना हे करणे भागच पडले तर एक परतीची वाट आहे. मोठ्या कंपन्यांचे जाळे-अभियंते दूरच्या राउटरमध्ये बदल करण्यापूर्वी 'दहा मिनिटांनी जुन्या मांडणीसह पुन्हा चालू हो' अशी आज्ञा आधीच देऊन ठेवतात, आणि बदल यशस्वी झाला की ती रद्द करतात. विंडोजमध्ये 'टास्क शेड्युलर'च्या साहाय्याने तेच साधते. पंधरा मिनिटांनी तारेचे कार्ड पुन्हा चालू करणारी आज्ञा नेमावी. ती पूर्ण अधिकाराने आणि कोणी खाते उघडलेले नसतानाही चालेल अशी निवड करावी. मगच तारेचे कार्ड बंद करावे. वायफायवरून पडदा आला तर आज्ञा काढून टाकावी. न आला तर पंधरा मिनिटे थांबावे, जुनी वाट परत उघडते. अर्थात तार जागेवर आणि धड असेल तरच. उंदरांनी कुरतडलेल्या तारेस ही युक्ती काय करणार?

पथ्य

जोडणी झाल्यावर विसरली जाणारी गोष्ट म्हणजे वायफायचा पासवर्ड. आमच्या एका स्नेही वैद्यांनी एक कामगार सोडून गेल्यावर, योग्यच विचार करून, राउटरचा पासवर्ड दुरूनच बदलला. त्याच क्षणी निर्माणशाळेतील संगणक, छपाईयंत्र आणि द्रव्यागारातील कॅमेरा हे तिन्ही जाळ्याबाहेर फेकले गेले, कारण त्यांना जुनाच पासवर्ड ठाऊक होता. येथेही पादांश क्रमच योग्य. बहुतेक राउटरमध्ये दुसऱ्या नावाचे जाळे उभारता येते. नव्या पासवर्डाचे दुसरे जाळे आधी उभारावे. पाहुण्यांसाठीचे 'गेस्ट' जाळे मात्र यासाठी घेऊ नये, कारण ते उपकरणांना परस्परांपासून अलग ठेवते. एकेक उपकरण नव्या जाळ्यावर आणावे, आणि जुने रिकामे झाल्यावरच बंद करावे.

वीज गेली की तारेवरचा आणि वायफायवरचा दोन्ही संगणक बंदच पडणार. ती परत आल्यावर संगणक आपणहून चालू व्हावा, ही मांडणी विंडोजमध्ये नसून संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बायोसमध्ये असते आणि ती दुरून करता येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत करून टाकावी. राउटरला छोटा यूपीएस द्यावा.

सुरक्षेविषयी मात्र आम्ही थोडे कठोरपणे लिहिणार आहोत. रिमोट डेस्कटॉपचे दार, म्हणजे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडून देण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. संगणक दुरुस्तीस येणारे बरेच जण तसे करून देतात, कारण ते सर्वांत सोपे असते. ती सर्वस्वी त्याज्य आहे. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधील 'ब्लूकीप' हा दोष उघडकीस आला. त्याने पासवर्डाशिवाय जुन्या विंडोजचा ताबा घेता येत होता, आणि तो इतका गंभीर होता की, मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती प्रसिद्ध केली. उघड्या दारातून शिरून सर्व फाइली कुलूपबंद करणे व खंडणी मागणे हा तर आता धंदाच झाला आहे. आधी व्हीपीएनने आपल्या जाळ्यात यावे, आणि मगच रिमोट डेस्कटॉप उघडावे.

अनेक ठिकाणी, विशेषतः मोबाइल कंपनीच्या इंटरनेटवर, राउटरला बाहेरून पोहोचता येईल असा स्वतंत्र पत्ताच मिळत नाही. तेथे क्रोम रिमोट डेस्कटॉप, टीमव्ह्यूअर, एनीडेस्क यांसारख्या मध्यस्थ सेवा सोयीच्या पडतात. त्यांचा एक लाभ आमच्या विषयाशी निगडित आहे : दूरचा संगणक स्वतःच बाहेर येऊन मध्यस्थाकडे हजेरी लावतो, त्यामुळे अंतर्गत पत्ता २० चा ३७ झाला तरी बिघडत नाही. तथापि अशा सेवेचा क्रमांक फोनवर कोणासही सांगू नये. ठग तो क्रमांक मागून मोबाइलचा ताबा घेतात आणि बँकखाते रिकामे करतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिलेला होता.

वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३ असावी. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ सालीच भेदली गेली आहे. ती अजून कोठे चालू असेल तर राउटरच बदलावा. पासवर्ड म्हणून औषधालयाचे नाव व स्थापनेचे वर्ष ठेवू नये. फलकावर तेच लिहिलेले असते. भेटीस येणारे प्रतिनिधी व पुरवठादार यांना 'गेस्ट' जाळेच द्यावे. रुग्णांच्या केसपेपरांची प्रत त्या संगणकात असेल तर जबाबदारी आणखी वाढते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत, आणि रुग्णाची माहिती फुटली तर 'संगणकवाल्याने तसे करून दिले' हे उत्तर चालण्यासारखे नाही.

आमच्या निर्माणशाळेत संगणकाच्या बाजूस आता एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर ठळक मराठीत दोन्ही पत्ते, दोन्ही कार्डांचे क्रमांक, राउटरची जागा, आणि पुढील मजकूर आहे : 'वैद्यांचा फोन आल्यास पिवळी तार राउटरच्या रिकाम्या खोबणीत व संगणकाच्या मागे खोचावी. बाकी कशास हात लावू नये.' पासवर्ड त्यावर नाही. वीस हात लांबीची ती पिवळी तार शेजारच्या खिळ्यास गुंडाळून टांगलेली असते. गेल्या श्रावणात वीज कडाडली, त्यात वायफायचे ते यूएसबी कार्ड जळाले आणि पडदा काळा झाला. आम्ही फोन केला. भट्टीवरील सहकाऱ्याने कागद वाचला, तार काढून खोचली, आणि क्वाथ उतरविण्याची वेळ झाली म्हणून फोन ठेवूनही दिला. सात-आठ मिनिटांनी आम्ही २० या जुन्या पत्त्यावर आत होतो.